मानेमागची पुतळी

आमच्या घरात आवाजाला कधी तोटा नव्हता. दोहातल्या अल मुंतझा भागात एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहत असू, आणि आमच्या हॉलच्या खिडकीखाली कुणीतरी कायम रस्ता खणत असे. आज ड्रेनेजची पाइपलाइन, उद्या केबल, परवा पुन्हा तोच खड्डा. वर्ल्ड कप येणार होता, त्यामुळे अख्खं शहर लग्नघर होऊन बसलं होतं आणि पाहुणे यायच्या आत सगळं उरकायचं होतं. मागे जाणाऱ्या ट्रकची टूं टूं, एसीची घरघर, अजान, आणि या सगळ्यावर आईचा आवाज, की यल्ला, जेवायला या, भात निवतोय. आई मूळची नाशिकची, तिखट आमटी-भाकरीवर वाढलेली. लग्नानंतर ती बाबांसाठी कुळथाची पिठी करायला शिकली, सोलकढी शिकली, आणि स्वतः कधी तोंडाला लावला नाही तो मासासुद्धा तळायला शिकली. शुक्रवारी सुरमईचा तुकडा तव्यावर पडला, की ती पदराने नाक झाकून उलथनं चालवायची आणि बाबांना विचारायची, बरा झालाय का. बाबा म्हणायचे, माईच्या हातासारखा. हे वाक्य त्यांनी कौतुक म्हणून म्हटलेलं असायचं. आईचा चेहरा मात्र दर शुक्रवारी पडायचा, आणि बाबांना ते दर शुक्रवारी कळायचं नाही.

माई म्हणजे बाबांच्या आई. त्या वेंगुर्ल्याला असत. आम्ही सगळेच त्यांना माई म्हणायचो, आईसुद्धा. त्यांचा फोन आला की आई उभी राहून बोलायची, जणू त्या समोरच बसल्यात. तब्येत कशी आहे, पाऊस आहे का, आंबा कसा आहे, घ्या, ह्यांच्याशी बोला, खलास. घाटावरची सून म्हणून आईला त्या घरात कुणी वाईट वागवलं असं नाही, पण तिची बोली वेगळी, तिचं जेवण वेगळं, आणि स्वयंपाकघरात सगळ्याजणी मालवणीत हसायला लागल्या की हिला वाटायचं, आपल्यालाच हसताहेत. कधीकधी ते खरंही असे.

या सगळ्याच्या मुळाशी एक पुतळी होती. आता पुतळी म्हणजे काय हे आजच्या मुलींना सांगावं लागतं, म्हणून सांगते. माणसाची आकृती उठवलेलं सोन्याचं पातळ नाणं, त्याला वर कडी डागायची आणि गोफात ओवून माळ करायची. पूर्वी परदेशी व्यापाऱ्यांकडून आलेली सोन्याची नाणी आपल्या बायकांनी सरळ गळ्यात घातली आणि पुढे सोनार त्याच नमुन्याची करून द्यायला लागले. बाबांच्या घरची रीत अशी, की नवी सून उंबरा ओलांडून आत आली की सासूने तिला एक पुतळी द्यायची आणि त्या एकीभोवती सुनेने आयुष्यभरात आपली माळ वाढवायची. मोठ्या काकूला मिळाली ती घरच्या माळेतली, दोन माणसं असलेली, एक उभा आणि एक गुडघे टेकलेला. आईला मिळाली ती भलतीच. तिच्यावर एकटाच माणूस, हातात लांब दांड्याची कुऱ्हाड घेऊन उभा. मागच्या बाजूला मांडीवर मूल घेतलेली बाई. कडेने बारीक परकी अक्षरं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी काकूने ती उलटसुलट करून पाहिली आणि हसत म्हणाली, ही खोटी गो, खऱ्या पुतळीवर दोघे असतात. वर हेही म्हणाली, की घाटावरच्यांना काय, पिवळं दिसलं की सोनं. माई तिथंच वाल सोलत बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

तेवढ्या गप्प बसण्यावर आईने आपलं सगळं सासर तोललं. दोहाला आल्यावर दर दसऱ्याला ती सूकमधून, म्हणजे तिथल्या सोनेबाजारातून, एक नवी पुतळी आणायची, चांगली दोन माणसांची, आणि माळ वाढत गेली. पण ती पहिली तिने कधी पुढे ओवली नाही. ती मागे, मानेवर, अंबाड्याखाली. मंडळाच्या गणपतीला आई नऊवारी नेसून, माळ घालून निघाली की फार देखणी दिसायची, आणि तिला पाठीमागून कुणी हाक मारली की तिचा हात आधी मानेवर जायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी माळ रिठ्याच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासायची. त्या खोट्या पुतळीला ती जरा जास्तच घासायची. मी एकदा तिला विचारलं होतं, अर्थात इंग्रजीत, कारण त्या वयात मी घरात मराठी ऐकायची आणि इंग्रजी फेकायची, की एवढी नकोशी आहे तर टाकून का देत नाहीस. तर म्हणाली, दिलेली वस्तू टाकतात का? आज मी हे सगळं मराठीत लिहितेय हे पाहून तिला हसू आलं असतं.

आणि मग काका-काकूंचं यायचं ठरलं. बाबा तेव्हा एका स्टेडियमच्या थंड हवेच्या यंत्रणेचं काम बघत होते. चाचण्या, सह्या, पुन्हा चाचण्या, घरी आले की सोफ्यावर आडवे. त्यांना मॅचची तिकिटं मिळाली आणि त्यांनी उत्साहाच्या भरात ठाण्याला फोन करून भावाला बोलावून टाकलं. आईला विचारलं नाही. ती चिडली नाही, आणि ती चिडली नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं. दोन दिवस ती पडदे धूत होती. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, मी ती पुतळी मोडीत देतेय. जुनं सोनं देऊन त्याच वजनाचं नवं घ्यायचं, सगळेच घेतात, त्यात काय विशेष. सूकमधल्या राजकोटच्या सराफ भाईंना तिने फोनसुद्धा केला होता. काकू येण्याच्या आत तिच्या जागी नवी, दोघांची पुतळी बसवायची. बाबा म्हणाले, तुझी वस्तू आहे, तू ठरव. अशा वेळी बाबांचं हे वाक्य ठरलेलं असे. आई म्हणाली, तेच तर, माझी आहे असं मला कधी वाटलंच नाही.

आता माझ्या शाळेची गोष्ट मध्ये येते. वर्ल्ड कपला येणाऱ्या देशांपैकी एकेक देश प्रत्येक वर्गाला वाटून दिला होता आणि आमच्या वाट्याला नेदरलँड्स आलं होतं, कारण आम्हाला इतिहास शिकवणाऱ्या मिस योहाना तिकडच्याच. त्यांनी गृहपाठ दिला, की तुमच्या घरात त्या देशाशी नातं सांगणारी एखादी वस्तू शोधा. कुणी चीजचा डबा आणला, कुणी फुटबॉलचा नारिंगी टी-शर्ट. मला काहीच सापडेना. त्या बुधवारी आई डायनिंग टेबलवर बसून माळेचा गोफ उसवत होती आणि कुऱ्हाडवाला माणूस माळेतून सुटून टेबलवर पडला होता. त्याच्या कडेची अक्षरं परकी दिसली, एवढ्याच आधारावर मी मोबाइलवर त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि मिसना पाठवून दिले, की ही आमच्या घरची वस्तू, कदाचित डच असेल. शुद्ध थाप होती. गुरुवारी संध्याकाळी आई पुतळी भाईंच्या हवाली करून आली. येताना करक चहा पिऊन आली आणि फार दिवसांनी गाणं गुणगुणत पोळ्या लाटल्या.

शुक्रवारी सकाळी मिसचा मेसेज आला. एरवी त्या मेसेजमध्येही शुद्धलेखन सांभाळणाऱ्या बाई, पण हा धापा टाकत लिहिल्यासारखा होता. त्यांनी लिहिलं होतं, की ही वस्तू कृपया कुणालाही धुऊ देऊ नका, घासू देऊ नका, आणि वितळवू तर मुळीच देऊ नका, मला प्रत्यक्ष बघायची आहे. मी तो आईला वाचून दाखवला. ती ओट्याशी पिठी घोटत होती. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, गेली असेल गं आता भट्टीत. मग स्टुलावर बसली. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, पण ती तशीच बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोवर तिला रडताना पाहिलं नव्हतं. जी वस्तू तिला डोळ्यांसमोर नको होती, ती गेली म्हणून ती का रडत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. ती म्हणाली, त्या घरातून मला मिळालेलं ते एकच होतं.

बाबा सुट्टीच्या दिवशीही साइटवर आणि गाडी त्यांच्याकडे. मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथं फरीदाचाची राहायच्या. रत्नागिरीजवळच्या, नवरा एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्सला, आणि आमच्या मजल्यावर लायसन्स असलेल्या त्या एकट्या बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं नाही, सोनं आणि भट्टी एवढंच ऐकलं आणि चावी उचलली. त्या नुकत्याच मासळीबाजारातून आल्या होत्या, डिकीत हामूर तसाच. आईला पुढे बसवून त्या म्हणाल्या, वास सहन कर हो वहिनी, आज इलाज नाही. पुढचा सगळा प्रवास म्हणजे नारिंगी शंकू आणि बाण. जो रस्ता काल होता तो आज नव्हता. एका वळणावरून आम्ही निघालो आणि फिरून फिरून त्याच वळणावर आलो. फरीदाचाची एकीकडे दुआ पुटपुटत होत्या आणि दुसरीकडे रस्ते बांधणाऱ्यांच्या खानदानाचा उद्धार करत होत्या. आई नाकाला पदर लावायचंही विसरली होती.

सूक गाठलं तेव्हा जुम्म्याची नमाज चालू होती आणि सगळी शटर्स खाली. भाईंचा फोन बंद. आम्ही तिघी दुकानाच्या पायरीवर बसलो, ऊन असं की पायरी चटका देत होती, आणि फरीदाचाचींनी आईचा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला. दुकानं लगेच उघडणार नव्हती, हे तिघींनाही माहीत होतं, पण घरी जाऊन परत यावं असं कुणाच्या मनात आलं नाही. भाई आले ते पोट भरल्याच्या समाधानात, दारात तीन बायका बघून दचकले. आईने हिंदीत विचारलं, भाई, वो मेरी पुतळी. भाई म्हणाले, बेन, नवी तर मंगळवारी देणार, घाई का करता? आई म्हणाली, नवी नाही, जुनी. भाई थांबले. मग आत गेले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. कडी काल रात्रीच कापून टाकली होती, भट्टी शनिवारी लागते, मोडीचं सगळं सोनं एकत्र जातं. त्यांनी डबा मखमलीवर उपडा केला. तुटक्या साखळ्या, एकेकटे कानातले, कुणाच्या लग्नाच्या वाकलेल्या अंगठ्या, आणि त्यात तो कुऱ्हाडवाला, शांत उभा. आईने त्याला उचललं आणि पदराच्या टोकात बांधून टाकलं, बाजारातून सुटे पैसे आणावेत तसं. भाई कुरकुरले, आता नव्या पुतळीचं काय? आई म्हणाली, तीही घेईन, तुमचं नुकसान नको.

मिस योहाना रविवारी, कारण तिथं सुट्टी शुक्रवार-शनिवारची, शाळा सुटल्यावर माझ्याबरोबरच घरी आल्या. आईने कांदेपोहे केले होते आणि पाहुणीला तिखट लागू नये म्हणून इतके फिके केले होते, की मिसनी स्वतः मिरची मागून घेतली. मग त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले, भिंगातून ते नाणं बघितलं. नंतर जे सांगितलं ते मी जसं आठवतं तसं लिहिते. काही शतकांपूर्वी त्यांच्या देशात एक सरदार होता. जहागीर म्हणजे चार गावं, एक गढी, एक नदी. पण नाणी पाडायचा हक्क आपल्यालाही आहे असं त्याचं म्हणणं, आणि सोन्याची हौस दांडगी. दूरच्या एका मोठ्या राज्याची मोहर तेव्हा सगळीकडे चालायची, कुऱ्हाडवाला संत राजा आणि पाठीमागे बाळ घेतलेली मेरी. यानेही तसंच हुबेहूब चित्र काढून नाणी पाडली, फक्त कडेच्या बारीक अक्षरांत हळूच आपलं नाव घातलं. मोठ्या राज्यकर्त्यांना ते खपलं नाही. त्यांनी याची नाणी घेऊ नका म्हणून हुकूम काढले आणि सापडतील तेवढी वितळवली. म्हणून आज ती जवळजवळ दिसतच नाहीत. त्या सरदाराचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण मला ते अजून नीट उच्चारता येत नाही आणि मिसनी माझं ऐकून त्या दिवशी आपले कान झाकून घेतले होते. ही मोहर व्यापाऱ्यांच्या गलबतातून आपल्या किनाऱ्यावर आली असणार. कडी डागल्यामुळे आणि घासल्यामुळे संग्राहकांच्या दृष्टीने ती थोडी बिघडली होती खरी. पण मिस म्हणाल्या, कुण्या बाईच्या गळ्यात अडकली म्हणूनच ती वाचली, नाहीतर कधीच आटली असती. म्युझियमवाले ती आनंदाने ठेवून घेतील असंही त्या म्हणाल्या. आई म्हणाली, विचार करून सांगते.

मी तर हवेत होते. मिस गेल्यावर मी आईला चक्क मराठीत म्हटलं, बघ, काकूची पुतळी बाजारात कुठेही मिळेल, तुझी नाही मिळणार. आई बशा विसळत होती. मला वाटलं होतं ती हसेल. ती म्हणाली, "अगं, पण त्यांना हे कुठं माहीत होतं? त्यांनी तर मला खोटी समजूनच दिली." इतिहासाने तिचं नाणं खरं करून दिलं होतं, पण तिचं दुखणं नाण्याचं नव्हतंच. सासूने आपल्याला सून मानलं की नाही एवढाच तिचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मिस योहानांच्या भिंगात दिसणार नव्हतं. आज मी कुणालाही काहीही देताना दहा वेळा तोंडाने बोलून देते, इतकी की घेणारा कंटाळतो.

त्या संध्याकाळी आईने स्वतःहून वेंगुर्ल्याला फोन लावला. आमच्या घरात हे कधी घडलं नव्हतं, फोन नेहमी बाबा लावायचे. ती बसून बोलली, उभी राहिली नाही. स्पीकर चालू होता कारण हाताला कणीक लागली होती. तब्येत, पाऊस, आंबा काही न विचारता तिने एका दमात सगळं सांगितलं, मोडीत दिली तेही सांगितलं, आणि मग म्हणाली, "माई, मला एवढंच सांगा, मोठ्या वहिनींना घरची दिलीत आणि मला खोटी का दिलीत?" पलीकडे टीव्हीवर मालिका चालू होती. माईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"खोटी? कोणी सांगल्यान तुका? ती माझी गो. माझ्या आवशीन माका दिलेली."

बाबा सोफ्यावरून उठून बसले. माई बोलतच राहिल्या, जरा वैतागूनच. घरची पुतळी घरात राहिली पाहिजे ही रीत, ती दर्यापार पाठवता येत नाही. सासरचं सोनं सासरचं. मोठी ठाण्याला, देशातच राहणार होती, तिला घरची दिली. धाकटा तर नोकरी ठरवूनच लग्नाला उभा राहिलेला. मग घाटावरून आलेली, कुणी ओळखीचं नसलेली ही पोर परक्या मुलखात जाताना हिला काय द्यायचं? घरची देता येत नव्हती. म्हणून माईंनी आपल्या माहेरची दिली, त्यांच्या आईने दिलेली, आईची आठवण म्हणून त्यांच्याकडे होती तेवढी एकच. तिच्यावर सासरच्या कुणाचा हक्क नव्हता, ती कुठंही जाऊ शकत होती.

"माझी होती म्हणान दिलंय," माई म्हणाल्या. "मोठीक तेवा सांगलंय असता तर तिना माझा डोक्या खाल्ल्यान असता. म्हणान गप रवलंय."

आईने कणकेचा हात तसाच तोंडावर धरला. तिच्या गालाला पीठ लागलं आणि ती रडत होती, पण हे रडणं शुक्रवारचं नव्हतं. बाबा म्हणाले, मला तर यातलं काहीच माहीत नव्हतं. दोघींपैकी कुणीही त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मग आई नाक पुसून म्हणाली, की माई, दादा-वहिनी मॅचला येताहेत, तुम्हीही या ना, तुम्ही इतक्या वर्षांत एकदाही आमचं घर बघायला आला नाहीत.

मग माई म्हणाल्या, "तू माका कधी बोलवलंस गो?"